'भांडण' म्हणून लिहू का? अमेरिकेतले आशियाई आणि नोंदीची लढाई

पोलीस ठाण्याची पायरी ज्या कार्यकर्त्याने एकदा तरी चढली आहे, त्याला एक प्रश्न पाठ असतो. ठाणे अंमलदार कागद पुढे ओढतो आणि विचारतो, "काय लिहू? भांडण झालं म्हणून लिहू का?" त्या 'भांडण' शब्दातच अर्धी केस मरते. बांधाचा वाद, पोराटोरांची कुरबुर, दारूच्या नशेतली बाचाबाची, सगळे लिहायला तयार. जात तेवढी कागदावर येऊ द्यायची नाही.

अलीकडे आपली बरीच मुले शिकायला आणि नोकरीला अमेरिकेत जाऊ लागली आहेत. त्यांच्याशी फोनवर बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते, "इथे कायद्याचं राज्य आहे, कुणी काही बोललं तर सरळ पोलिसांत जाता येतं." जाता येते, हे खरे. पण तिथल्या आशियाई माणसाला, म्हणजे चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो आणि आपल्या उपखंडातल्या माणसाला, आपल्यावरचा हल्ला 'हल्ला' म्हणून आणि 'का झाला' या कारणासह कागदावर आणण्यासाठी दीडशे वर्षांहून जास्त काळ झगडावे लागले आहे. तो झगडा अजून संपलेला नाही. मित्रांनो, मला तो इतिहास सांगायचा आहे, कारण तो वाचताना मला वारंवार आपलीच ठाणी आणि आपलीच न्यायालये दिसत राहिली.

सुरुवात १८५३ पासून करू. कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणी लागल्या होत्या. नेवाडा काउंटीत जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्या माणसाने एका चिनी खाणकामगाराचा खून केला. चिनी साक्षीदारांनी खून पाहिला होता. त्यांच्या साक्षीवर हॉलला फाशीची शिक्षा झाली. हॉलने वरच्या न्यायालयात अपील केले आणि १८५४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. का? खून झाला नाही म्हणून नव्हे. साक्षीदार चिनी होते म्हणून.

त्या राज्यात १८५० चा एक कायदा होता. काळा, मिश्रवर्णी किंवा 'इंडियन', म्हणजे तिथला मूलनिवासी, गोऱ्या माणसाच्या खटल्यात साक्ष देऊ शकत नाही, असा तो कायदा. त्यात चिनी माणसाचा उल्लेखच नव्हता. मग मुख्य न्यायाधीश ह्यू मरे यांनी काय केले? त्यांनी कोलंबसाला साक्षीला बोलावले! कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा आपण आशियातच आलो असे त्याला वाटत होते, म्हणून त्याने तिथल्या लोकांना 'इंडियन' म्हटले. म्हणजे 'इंडियन' या शब्दात आशियाई माणूसही येतो, असा पहिला तर्क. तो पुरणार नाही असे वाटल्यावर दुसरा, की 'काळा' म्हणजे जो गोरा नाही तो प्रत्येक जण. दर्यावर्दीच्या चुकीवर एका खुनाचा निकाल फिरला.

निकालपत्रात मरे यांनी आपली खरी भीतीही लपवलेली नाही. आज यांना साक्ष देऊ दिली तर उद्या हे मतदान मागतील, ज्युरीत बसतील, न्यायासनावर आणि विधिमंडळात येतील, असा त्यांचा युक्तिवाद. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर हल्ला झाला तो कोणत्या अफवेवर? आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, या अफवेवर. भीतीचा साचा तोच. आणि साक्षीचे म्हणाल तर साक्षीदाराचा वर्ण पाहण्याची सोय मनुस्मृतीने आठव्या अध्यायात फार आधीच करून ठेवली आहे. शूद्राची साक्ष शूद्रासाठी, अंत्यजाची अंत्यजासाठी. कॅलिफोर्नियाच्या न्यायमूर्तींनी मनु वाचला नसेल, पण गाठले त्यांनी तेच ठिकाण.

१८६३ मध्ये काळ्या लोकांवरची साक्षीची बंदी उठली. चिनी लोकांवरची मात्र त्याच वर्षी कायद्यात स्पष्ट नाव घालून पक्की झाली. ती १८७२ मध्ये नवे कायदेसंग्रह आले तेव्हा गेली.

मधल्या काळात काय झाले ते पाहा. २४ ऑक्टोबर १८७१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये सुमारे पाचशे जणांच्या जमावाने चिनी वस्तीवर हल्ला केला. सुमारे अठरा चिनी माणसे मारली गेली, बरीचशी फासावर लटकवून. शहरातल्या एकूण चिनी वस्तीचा हा जवळजवळ दहावा हिस्सा. मेलेल्यांत एक डॉक्टर होता. काही आरोपींना सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. पण १८७३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण आरोपपत्रात डॉक्टरला मारायला मदत केली असे लिहिले होते, पण डॉक्टरचा खून झाला असे स्वतंत्रपणे लिहायचे राहून गेले होते. सगळ्या गावाने फासावर लटकलेले प्रेत पाहिले, आणि कागद म्हणतो खून झालाच नाही. हे राहून गेले की राहू दिले, यावर मी इथे वाद घालत नाही. ज्यांनी आपल्याकडचे पंचनामे वाचले आहेत त्यांना वाद घालायची गरज पडणार नाही.

वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्जची गोष्ट वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. २ सप्टेंबर १८८५. कोळशाच्या खाणीतल्या गोऱ्या मजुरांनी चिनी मजुरांवर हल्ला केला, २८ जणांना ठार मारले, घरे जाळली. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. अटक झालेल्यांचे प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे गेले आणि ज्युरीने एकावरही आरोप ठेवला नाही, कारण म्हणे अमुक गोऱ्या माणसाने अमुक गुन्हा केला असे सांगणारा साक्षीदारच मिळाला नाही. पण जगलेल्या मजुरांनी एक काम केले. साडेपाचशेहून अधिक जणांच्या नावाने त्यांनी न्यूयॉर्कच्या चिनी वकिलातीकडे निवेदन धाडले. जमाव किती वाजता जमला, कोणती टोळी फळ्यांच्या पुलाकडून आली, कोणती रेल्वेच्या पुलाकडून, कोणाला कसे मारले, काय लुटले, सगळे क्रमवार. न्यायालयाने जे लिहायला नकार दिला ते मजुरांनी स्वतः लिहून ठेवले. आरोपींना शिक्षा झाली नाहीच. पण अमेरिकी काँग्रेसला मालमत्तेच्या नुकसानीपोटी सुमारे १ लाख ४७ हजार डॉलर द्यावे लागले. आज रॉक स्प्रिंग्जचा इतिहास लिहिणारा प्रत्येक अभ्यासक त्या निवेदनाशी येऊन थांबतो.

आता आपल्याकडची माणसे या गोष्टीत येतात. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात काही शे गोऱ्यांच्या जमावाने लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीय मजुरांना त्यांच्या खोल्यांतून ओढून काढले, मारले, लुटले. काही दिवसांत एकूण एक भारतीय मजूर गाव सोडून गेला. शिक्षा कुणालाही झाली नाही. हे मजूर बहुतांश पंजाबातले शीख होते. वर्तमानपत्रांनी त्यांना सरसकट 'हिंदू' म्हणून छापले. मार खाणारा कोण, हेही मारणाऱ्याच्याच शब्दात नोंदले गेले. ही बाब लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

बेलिंगहॅमनंतर सोळा वर्षांनी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला. थिंड शीख, पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करात नोकरी केलेले. नागरिकत्वाचा कायदा तेव्हा 'मुक्त गोऱ्या' माणसाला आणि आफ्रिकी वंशाच्या माणसाला नागरिक होऊ देत होता. थिंड यांच्या बाजूचा युक्तिवाद काय होता? आम्ही उच्चजातीय आहोत, आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गोरा अमेरिकन काळ्या माणसाशी सोयरीक करण्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने उच्चजातीय भारतीय इथल्या आदिवासीकडे पाहतो, हेही त्यांच्या बाजूने लेखी मांडले गेले. अस्पृश्यता पाळतो म्हणून आम्हाला नागरिक करा, असा त्याचा सरळ अर्थ! न्यायालयाने काय केले? शास्त्र काही म्हणो, सामान्य गोरा माणूस तुम्हाला गोरा मानत नाही, असे सांगून दावा फेटाळला. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले.

जातीची शिडी घेऊन गोऱ्यांच्या माडीवर चढायला गेले, आणि माडीवाल्याने शिडीला लाथ घातली. थिंड यांचा छळ झाला नाही असे मी म्हणत नाही. अन्याय त्यांच्यावर झालाच. पण अन्यायाविरुद्ध उभे राहण्याच्या दोन वाटा इथे स्पष्ट दिसतात. रॉक स्प्रिंग्जच्या मजुरांनी 'आमच्यावर काय झाले' ते लिहिले. थिंड यांच्या बाजूने 'आम्ही त्यांच्यातले नाही' असे लिहिले गेले. परदेशातल्या आपल्या लोकांत दुसऱ्या वाटेचे चाहते आजही कमी नाहीत.

या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये होते, १९१३ च्या जुलैपासून १९१६ पर्यंत. चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा तेव्हा अमलात होता. ते तिथून निघाले आणि १९१७ मध्ये भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांवर अमेरिकेने दार बंद केले. तिथेच आयडा बी. वेल्स या काळ्या स्त्रीने १८९५ मध्ये झुंडबळींचा हिशोब छापला होता, आणि आकडे घेतले होते गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून, म्हणजे कुणी खोटे म्हणू शकणार नाही. बाबासाहेबांच्या अस्पृश्यांवरील लेखनातही ही पद्धत दिसते. गावाचे नाव, वर्तमानपत्राचे नाव, तारीख, घटना. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. सामाजिक बहिष्काराचे हत्यार गावागावात कसे चालवले जाते, हे त्या समितीने सरकारी कागदावर आणले. काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला असे कळताच १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या. तक्रार कशी लिहितात हे ते दुसऱ्या पीडितांकडून शिकत होते.

आता १९८२ कडे येऊ. डेट्रॉइट, मोटारींचे शहर. जपानी गाड्या बाजारात आल्या, अमेरिकी कारखाने माणसे कमी करू लागले, आणि राग जपानी दिसणाऱ्या प्रत्येकावर निघू लागला. १९ जून १९८२ च्या रात्री व्हिन्सेंट चिन हा २७ वर्षांचा चिनी वंशाचा तरुण लग्नाआधीची पार्टी म्हणून मित्रांबरोबर एका क्लबमध्ये गेला. तिथे रोनाल्ड एबन्स हा क्रायस्लर कारखान्यातला अधिकारी आणि त्याचा सावत्र मुलगा मायकेल निट्झ यांच्याशी बाचाबाची झाली. तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या, अशा अर्थाचे शिवीसकट वाक्य एबन्सच्या तोंडून ऐकल्याचे तिथल्या एका नर्तिकेने नंतर सांगितले. बाहेर पडल्यावर बापलेकांनी चिनला शोधून गाठले. निट्झने धरले, एबन्सने बेसबॉलच्या बॅटने डोके फोडले. २३ जूनला चिन गेला. लग्नाला आलेली माणसे अंत्ययात्रेला गेली.

खटल्यात दोघांनी सदोष मनुष्यवधाचा आरोप मान्य करून सौदा केला. १६ मार्च १९८३ रोजी न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली. तीन वर्षे चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मोकळीक, ३,००० डॉलर दंड आणि न्यायालयाचा किरकोळ खर्च. एक दिवसही तुरुंग नाही. ही माणसे तुरुंगात धाडण्याजोगी नाहीत, शिक्षा गुन्हेगाराकडे पाहून द्यायची असते, अशी न्यायाधीशांची भूमिका. त्या दिवशी सरकारी वकील न्यायालयात हजर नव्हता. चिनची आई लिली चिन हिला कुणी कळवलेही नव्हते. नर्तिकेचा जबाब पोलिसांनी घेतलेला नव्हता. कागदावर काय होते? दारूच्या अड्ड्यावरची मारामारी. आपल्या अंमलदाराच्या भाषेत, भांडण.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावाने मारले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. फाशी दिली, जात नाकारली. डेट्रॉइटमध्ये शिक्षाही नाही आणि वंशही नाही, एवढाच फरक.

लिली चिन मोडक्या इंग्रजीत, रडत, गावोगाव बोलत फिरली. हेलन झिया ही पूर्वी मोटार कारखान्यात काम केलेली पत्रकार आणि लायझा चॅन ही वकील पुढे आल्या. 'अमेरिकन सिटिझन्स फॉर जस्टिस' ही संघटना उभी राहिली. चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो असे वेगवेगळे राहणारे लोक 'आशियाई अमेरिकन' या एका नावाखाली पहिल्यांदा एवढ्या संख्येने रस्त्यावर आले. नागरी हक्काचा कायदा काळ्यांसाठी आहे, तुमचा त्यात काय संबंध, असे त्यांना पुरोगामी म्हणवणाऱ्या वकिलांकडूनही ऐकावे लागले. काळ्यांच्या चळवळीतले जेसी जॅक्सन मात्र लिली चिनच्या शेजारी उभे राहिले.

केंद्र सरकारने नागरी हक्कभंगाचा खटला भरला. १९८४ मध्ये एबन्स दोषी ठरला, २५ वर्षांची शिक्षा झाली. १९८६ मध्ये अपिलात ती उलटली. या ठिकाणी कार्यकर्त्यांनी थांबून वाचावे. उलटण्याचे एक मोठे कारण म्हणजे लायझा चॅन यांनी साक्षीदारांशी केलेल्या बोलण्याच्या ध्वनिफिती. त्यात साक्षीदारांना एकत्र बसवून काय सांगायचे ते जुळवून घेतल्यासारखे ऐकू येते, आणि ज्युरीला त्या ऐकवायला हव्या होत्या, असे अपील न्यायालय म्हणाले. १९८७ मध्ये फेरखटला शेकडो मैल दूर, सिनसिनाटीत झाला आणि एबन्स सुटला. दिवाणी दाव्यात पंधरा लाख डॉलर भरपाईचा हुकूम तेवढा झाला. लिली चिन त्याच वर्षी अमेरिका सोडून चीनला परत गेली. चळवळीचा हेतू शुद्ध होता, बाजू खरी होती, पण जबाब घेण्याच्या पद्धतीत फट राहिली आणि समोरच्या वकिलाने नेमका तिथेच पाय घातला. आपल्या किती केसेस अशाच गेल्या, ज्याचे त्याने मोजावे.

१९८७ मध्ये न्यू जर्सीत भारतीय वस्तीच्या भागात 'डॉटबस्टर्स' नावाने एक धमकीचे पत्र वर्तमानपत्रात छापून आले. डॉट म्हणजे बायकांच्या कपाळावरची टिकली. भारतीयांना शहरातून हाकलून लावू, असा मजकूर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला टोळक्याने बेदम मारले आणि काही दिवसांनी तो मेला. बरोबरच्या गोऱ्या मित्राला कुणी हात लावला नाही. मोदी पारशी होते, पण मारणाऱ्याला हा तपशील लागत नाही. खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही, झाली ती मारहाणीबद्दल. पुन्हा तोच शब्द.

२३ एप्रिल १९९० ला 'हेट क्राइम स्टॅटिस्टिक्स अ‍ॅक्ट' आला. वंश, धर्म वगैरेंच्या द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांची देशभरची आकडेवारी सरकारने गोळा करायची, असा हा कायदा. ऐकायला छान. पण त्यात एक गोम आहे. स्थानिक पोलिसांनी एफबीआयला आकडे द्यावेत अशी सक्तीच नाही. दिले तर दिले. म्हणून आशियाई संघटनांच्या एका कायदेविषयक मंचाने १९९३ पासून आपला स्वतंत्र वार्षिक अहवाल काढायला सुरुवात केली. सरकारी कायदा झाल्यावरही वही मिटायची नसते, हे त्यांना बरोबर कळले होते.

फरक किती पडतो? अमेरिकेच्या न्याय खात्याच्याच सांख्यिकी विभागाने लोकांना थेट विचारून पाहणी केली, तेव्हा २००४ ते २०१५ या काळात वर्षाला सरासरी अडीच लाख द्वेषगुन्ह्यांचा अंदाज निघाला. एफबीआयच्या वार्षिक आकड्यात त्या काळात सहा ते नऊ हजारच दिसतात. अर्ध्याच्या आसपास लोक पोलिसांकडे जातच नाहीत, आणि जे जातात त्यांच्या तक्रारीतला द्वेष वाटेत कुठेतरी गळतो. २०१६ मध्ये ओक्लाहोमात खालिद जबारा या लेबनीज कुटुंबातल्या माणसाला शेजाऱ्याने गोळ्या घातल्या. हा शेजारी त्या कुटुंबाला वर्षानुवर्षे त्रास देत होता, जबाराच्या आईच्या अंगावर त्याने गाडी घातली होती. २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलमध्ये हेदर हायर या तरुणीला वर्णद्वेष्ट्याने मोटारीखाली चिरडले. साऱ्या जगाने ते टीव्हीवर पाहिले. हे दोन्ही खून एफबीआयच्या द्वेषगुन्ह्यांच्या आकड्यात आले नाहीत!

आणि ते शीख मजूर? ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनात बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोल पंपावर गोळी घातली गेली. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात सहा जण मारले गेले. त्या दिवशीही एफबीआयच्या फॉर्मवर शीखविरोधी गुन्ह्यासाठी रकाना नव्हता. तो २०१५ मध्ये आला, हिंदूविरोधी आणि अरबविरोधी रकान्यांबरोबर. बेलिंगहॅमला पगडीवाल्या मजुरांना 'हिंदू' छापले, त्यानंतर १०८ वर्षांनी.

१६ मार्च २०२० ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विटरवर करोनाला 'चिनी विषाणू' म्हटले. व्हिन्सेंट चिनच्या मारेकऱ्यांना सोडले ती तारीखही १६ मार्चच होती, हा नुसता योगायोग. तीनच दिवसांनी, १९ मार्चला, 'स्टॉप एएपीआय हेट' नावाची नोंदणी सुरू झाली. तिच्या तीन प्रवर्तकांत रसेल जंग, सिंथिया चोई आणि मंजूषा कुलकर्णी ही नावे आहेत. अनेक आशियाई भाषांत तक्रार लिहिता येईल अशी सोय त्यांनी केली. दोन वर्षांत जवळजवळ साडेअकरा हजार नोंदी आल्या. एफबीआयच्या दप्तरात आशियाईविरोधी घटना २०२० मध्ये २७९ होत्या, २०२१ मध्ये ७४६.

कुलकर्णी आदींनी एक महत्त्वाची गोष्ट केली. त्यांनी फक्त 'गुन्हे' मागितले नाहीत. त्यांच्याकडच्या सुमारे दोन तृतीयांश नोंदी शिवीगाळ आणि हिणवण्याच्या आहेत. बसमध्ये शेजारून उठून जाणे, दुकानात माल न देणे, थुंकणे. यातले बरेचसे अमेरिकी कायद्यात गुन्हा ठरतच नाही. नोंदी करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. माणूस रोज ज्यात जगतो ते पोलिसांच्या फॉर्मवर मावत नाही, हे या वहीने दाखवले.

इथे मला आपल्या कायद्याबद्दल सांगायचे आहे, कारण आपल्या मुलांना त्याची किंमत कळत नाही. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा अपमानालाच गुन्हा म्हणतो. पाणवठा अडवणे, धिंड काढणे, नवरदेवाला घोड्यावरून उतरवणे, यांना त्यात स्वतंत्र जागा आहे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा देणारे कलम ४ आहे. आणि व्हिन्सेंट चिनचा खटला जिथे अडला, त्या हेतूच्या प्रश्नावर २०१५ च्या दुरुस्तीने मोठे काम केले. कलम ३(२)(५) मध्ये आधी पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा केला हे सिद्ध करावे लागे, आता तो तसा आहे हे 'माहीत असताना' केला एवढे पुरते. मारणाऱ्याच्या मनात शिरण्याची सक्ती गेली. अमेरिकेत ती अजून आहे. कागदावर आपण त्यांच्या पुढे आहोत. ठाण्यात कुठे आहोत ते तुम्ही जाणताच.

हेतूचा हा खेळ अटलांटात नागडा झाला. १६ मार्च २०२१ ला एका गोऱ्या तरुणाने मसाज पार्लरांत घुसून आठ जणांना मारले, त्यात सहा आशियाई स्त्रिया. चार खून चेरोकी काउंटीत झाले, चार फुल्टन काउंटीत. चेरोकीच्या पोलिसांचा प्रवक्ता म्हणाला की आरोपीचा तो दिवस फार वाईट गेला होता. तिथल्या सरकारी वकिलांना वंशद्वेष दिसला नाही. फुल्टनच्या सरकारी वकील फॅनी विलिस यांना तो दिसला आणि त्यांनी द्वेषगुन्ह्याचे कलम लावले. एक माणूस, एक बंदूक, एक संध्याकाळ. काउंटीची हद्द ओलांडली की हेतू बदलतो.

२० मे २०२१ ला 'कोविड-१९ हेट क्राइम्स अ‍ॅक्ट'वर सही झाली. त्यातल्या एका भागाला जबारा आणि हायर यांची नावे दिली आहेत, ज्यांचे खून मोजले गेले नव्हते त्यांची. गंमत म्हणजे अनेक आशियाई संघटनांनीच या कायद्याला विरोध केला. पोलिसांना आणखी पैसे आणि अधिकार देऊन काय होणार, काळ्या शेजाऱ्यांवर त्याच पोलिसांचा दंडुका पडतो ना, असे त्यांचे म्हणणे. मला हा विरोध अर्धा पटतो. पोलिसांवर विश्वास नको, हे बरोबर. पण पोलिसांच्या दप्तरावरचा दावा सोडून दिला की ते दप्तर कुणाच्या हातात राहते?

अमेरिकेकडे बोट दाखवताना आपले हात तपासले पाहिजेत. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा आणि मारहाणीच्या भीतीने ईशान्य भारतातली मुले पुण्यातून रेल्वेने पळाली. फुले-आंबेडकरांच्या पुण्यातून. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलचा निडो तानिया दिल्लीत मारहाणीनंतर मेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून हिणवण्याविरुद्ध दंडविधानात नवी कलमे सुचवली, ती आली नाहीत. करोनात त्याच मुलांना आपल्या रस्त्यांवर 'करोना' म्हणून हाका मारल्या गेल्या. त्यांची वही कोण ठेवतो? आपल्या मोर्चांच्या मागण्यांत ती मुले किती वेळा असतात?

शेवटचा मुद्दा अमेरिकेतल्या आपल्याच माणसांचा. तिथे भारतीयावर गोऱ्याने हल्ला केला तर रकाना आहे. भारतीय वरिष्ठाने कनिष्ठाला जात विचारून छळले तर नाही. ३० जून २०२० ला कॅलिफोर्निया सरकारने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला तेव्हा अमेरिकेच्या न्यायालयात 'दलित' हा शब्द अशा रीतीने पहिल्यांदा ठळकपणे आला. २०२३ मध्ये त्यातल्या दोन अभियंत्यांवरचा दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा राहिला. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटलने जातिभेदबंदीचा ठराव केला, तसे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत धाडले. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, हे कारण. विरोधक म्हणत होते, आकडे कुठे आहेत? रकाना ठेवायचा नाही आणि मग आकडे मागायचे!

म्हणून तिकडे असलेल्या मुलांना एवढेच सांगतो. घडले त्याच दिवशी लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होते. बोललेले शब्द जसेच्या तसे, ज्या भाषेत बोलले त्या भाषेत लिहा, शिवी असली तरी गाळू नका. ईमेल, चॅट यांच्या प्रती कंपनीच्या संगणकावर ठेवू नका, कारण नोकरी गेली की त्या जातात. साक्षीदार असतील तर प्रत्येकाचे म्हणणे वेगवेगळे घ्या, एकत्र बसवू नका. लायझा चॅन यांच्या ध्वनिफिती विसरू नका. पोलिसांत गेलात तर तक्रारीचा क्रमांक आणि प्रत मागा, आणि प्रतीत कारण काय लिहिले आहे ते तिथेच उभे राहून वाचा. तुमचा शब्द बदललेला दिसला तर दुरुस्ती मागा. नाही केली तर तेही लिहून ठेवा, नाव आणि वेळेसकट.